दुसरी बाही

वडगावात दुपारी तीनला वीज जाते,
चार गल्ल्यांतले माग एकदम गप्प होतात
आणि मग ऐकू येतात आमच्या सुया.

मालनच्या कट्ट्यावर आम्ही चौघी.
प्रत्येकीच्या पिशवीत काहीतरी अर्धं.

मालनचा पायमोजा, एकच.
त्याचा जोडीदार गेल्या थंडीपासून राहिलाय.
लेक लेहला. फोनवर म्हणतो, आई, सरकारी मोजे बरे असतात.
ती टाच वळवते, बोलत नाही.

वत्सू बिर्जेचं टोपडं
ज्या बाळासाठी घातलं होतं
ते आता पाढे म्हणतं.
"दुसऱ्याला होईल की," म्हणते
आणि सुनेच्या दाराकडं बघत नाही.

फिलोमिना कॅम्पातनं बसनं येते.
तिच्या शालीचा जांभळा पांगुळ गल्लीत संपला,
म्हणून मधेच वांग्याच्या रंगाचा पट्टा.
मुद्दाम केल्यासारखा दिसतो, आम्ही म्हणालो.
खोटं.
पण असल्या खोट्यावरच विणकाम पुरं होतं.

माझा यांचा स्वेटर, राखी.
पाठ झाली, पोट झालं, एक बाही झाली.
"मागावर तासाला चार वार पडतं," हे म्हणतात,
"तू दिवाळीपासून एका हातावर अडलीयास."

मंगळवारी नीलक्का आली,
बैलहोंगलहून, पलीकडच्या खोलीत भाड्यानं.
दारातच उभी, नजर आमच्या बोटांवर.
"उभी का गे? बस की," मालन म्हणाली.
ती बसली, कनवटीचा दोरा काढावा तसा
पदराआडनं लोकरीचा गुंडा काढला
आणि धागा घेतला डाव्या बोटावर.

आम्ही दर टाक्याला धागा उजव्या हातानं
सुईवर फिरवून टाकतो, माशी वारल्यासारखा.
तिचा हात हलतच नाही.
सुईचं टोक तेवढं आत जातं
आणि जोंधळ्यातला खडा वेचावा तसा
टाका वेचून आणतं.

तिच्या आईला धारवाडच्या मिशन शाळेत
कुणी जर्मन बाईनं शिकवलं होतं.
बाईचं नाव कुणाला आठवत नाही,
बोट मात्र तसंच वाकतं.

"मला दाव," म्हटलं.
"एडगै," ती म्हणाली, माझ्या डाव्या मनगटावर टिचकी मारून.

मी मूळची डावखुरी.
हे यांनाही ठाऊक नाही.
दुसरीत गुरुजींनी फूटपट्टी आडवी नाही, उभी मारली,
धारेनं, पेरांवर,
तेव्हापासून हा हात नुसता धरतो:
भाजी धरतो, परात धरतो, दुसऱ्या हाताचं काम धरून ठेवतो.

पहिली ओळ मासे धरायच्या जाळ्यागत.
दुसरीत तीन टाके सुटले.
नीलक्का मोजत होती, ओंदु, एरडु, मूरु,
मीही तिच्यामागनं.
मला हत्तूपर्यंतच येतं,
पुढं अकरा, बारा, तेरा,
आणि तिला त्यात काही अडलं नाही.

पाचव्या ओळीला बोटाला काहीतरी आठवलं.
मला नाही, बोटाला.

उलट टाका मात्र डाव्यानं जमेना.
नीलक्का हसली. तिलाही तो कधी नीट जमला नव्हता,
म्हणून ती आयुष्यभर गोल गोल टोप्याच विणत आली, सगळ्या सुलट.
मी तिच्या उजव्या हातात धागा दिला.
माशी वारायला शिकवलं.
तिनं इतकी वारली की फिलोमिनाचा चष्मा पडला.

वीज आली. माग सुरू झाले.
आम्ही ओरडून बोलायला लागलो.

आता दुसरी बाही सुईवर आहे,
मनगटाकडं चार बोटं घट्ट, वर सैल,
जिथं हात बदलला तिथं दिसतं.
हे विचारतील.
उसवावी का, ठरलं नाही अजून.
रात्री, सगळे निजल्यावर,
दिवा न लावता मी धागा एकदा डाव्यावर घेते,
एकदा उजव्यावर.